‘पत्नी’ कोण? पोटगीविषयक न्यायनिर्णयांतील ‘माहिती’च्या कसोटीची चिकित्सा

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये ‘पत्नी’ या शब्दाची संपूर्ण व्याख्या कधीच नव्हती. घटस्फोटित आणि पुनर्विवाह न केलेली स्त्री त्या शब्दात समाविष्ट आहे, एवढेच स्पष्टीकरण १९७३ च्या संहितेने दिले. बाकीचा अर्थ न्यायालयांनी ठरवावयाचा होता आणि गेली चार दशके तो ठरवला जात आहे. कौटुंबिक कायद्याच्या अभ्यासात या प्रवासाचे वर्णन साधारणपणे प्रगतीची कथा म्हणून केले जाते. १९८८ च्या यमुनाबाई आढाव खटल्यात संकुचित असलेला अर्थ २०१३ च्या बादशहा विरुद्ध ऊर्मिला गोडसे या खटल्यात व्यापक झाला, असे पाठ्यपुस्तके सांगतात. हे दोन्ही खटले महाराष्ट्रातील आहेत, दोन्हींतील अर्जदार स्त्रिया कायद्याच्या दृष्टीने ‘दुसऱ्या’ आहेत आणि दोन्हींत पुरुषाचा बचाव एकच आहे. त्यामुळे त्यांची तुलना स्वाभाविक ठरते. मात्र ही दोन निकालपत्रे शेजारी ठेवून वाचली, तर प्रगतीच्या या कथेत एक मोठी फट दिसते. बादशहा निर्णयाने पत्नी या शब्दाचा अर्थ खरोखर रुंदावला, की फसवल्या गेलेल्या स्त्रीपुरता त्याला अपवाद केला? प्रस्तुत लेखात हिंदू विवाहांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात लक्षात घ्यावी लागेल. तेव्हाच्या मुंबई प्रांताने १९४६ मध्येच हिंदूंच्या द्विभार्या विवाहास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्याची घटनात्मक वैधता नरसू अप्पा माळी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केली. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने एकपत्नीत्वाचे तत्त्व देशभर लागू केले. पहिली पत्नी हयात असताना व तो विवाह कायम असताना केलेला दुसरा विवाह कलम ११ अन्वये शून्य ठरतो, म्हणजे कायद्याच्या लेखी तो झालेलाच नसतो. ही सुधारणा स्त्रियांच्या हिताची होती, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र कायद्याने विवाह शून्य केला तरी समाजात तो होत राहिला आणि त्या शून्याचा भार कोणी वाहावयाचा हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

या प्रश्नाचे विचित्र रूप १९६५ च्या भाऊराव लोखंडे खटल्यात दिसले. हाही महाराष्ट्रातलाच खटला. द्विभार्येच्या गुन्ह्यासाठी दुसरा विवाह रीतसर धार्मिक विधींनी किंवा प्रस्थापित रूढीनुसार ‘संपन्न’ झाल्याचे सिद्ध झाले पाहिजे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली. गांधर्व पद्धतीने झालेल्या त्या विवाहात आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध न झाल्यामुळे आरोपी सुटला. या निर्णयाचा व्यवहारातील परिणाम असा की, पहिल्या पत्नीने फिर्याद केली तर दुसरे लग्न ‘लागलेच नाही’ असे म्हणण्याची सोय पुरुषाला मिळाली. दुसऱ्या स्त्रीने पोटगी मागितली तर पहिले लग्न व्यवस्थित लागलेले आहे, सबब दुसरे शून्य, असे म्हणण्याची सोय त्याला हिंदू विवाह अधिनियमाने आधीच दिलेली होती. एकाच पुरुषाने एका न्यायालयात होमाग्नीची उणीव दाखवावी आणि दुसऱ्या न्यायालयात होमाग्नीचा दाखला द्यावा, अशी ही अवस्था. पाट, मोहतूर, काडीमोड, फारकत अशा रूढींनी जेथे वैवाहिक जीवन चालत आले, त्या समाजात तर ‘संपन्न’ या शब्दाची परीक्षा अधिकच कठीण होते.

यमुनाबाई निर्णयाची चिकित्सा

यमुनाबाईंचा विवाह १९७४ मध्ये हिंदू पद्धतीने झाला. पतीची पहिली पत्नी त्या वेळी हयात होती व तो विवाह कायम होता. आठवडाभराच्या सहवासानंतर छळ होत असल्याच्या कारणाने त्या घर सोडून गेल्या. १९७६ मध्ये त्यांनी पोटगीसाठी अर्ज केला. तो फेटाळला गेला, उच्च न्यायालयातही यश आले नाही आणि अखेर जानेवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. अर्ज ते अंतिम निकाल हे अंतर बारा वर्षांचे होते. संहितेने हा उपाय ‘संक्षिप्त’ आणि त्वरित म्हणून योजला होता, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवलेली बरी.

न्यायालयाचा युक्तिवाद तर्काच्या दृष्टीने सुसंगत आहे. कलम १२५ सर्व धर्मीयांना लागू असले तरी एखादी स्त्री पत्नी आहे किंवा नाही हे तिच्या व्यक्तिगत कायद्यानेच ठरवावे लागेल. कायदेमंडळाने अनौरस संततीला स्पष्ट शब्दांत पोटगीचा हक्क दिला. त्याच कलमात अवैध विवाहातील स्त्रीचा उल्लेख त्याने केला नाही. सबब पत्नी म्हणजे कायदेशीर विवाह झालेली पत्नी. न्यायालयाने कायदेमंडळाच्या मौनाला असा अर्थ दिला.

या निर्णयातील सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद मात्र याच्या पुढचा आहे आणि नंतरच्या चर्चेत तो बहुधा दुर्लक्षित राहिला. विवाहाच्या वेळी पहिल्या विवाहाची माहिती यमुनाबाईंना देण्यात आली नव्हती व पतीने त्यांना पत्नी म्हणूनच वागवले, असा मुद्दा त्यांच्या वतीने मांडण्यात आला होता. न्यायालयाने तो विचारात घेतला आणि नाकारला. प्रतिवादीच्या वर्तनाचा आधार घेऊन, म्हणजे प्रतिबंधाच्या तत्त्वाचा आश्रय करून, अधिनियमातील तरतुदी निष्फळ करता येणार नाहीत, असे न्यायालयाचे म्हणणे होते. याचा अर्थ स्पष्ट आहे. यमुनाबाई निर्णयात स्त्रीला माहिती होती की नव्हती हा प्रश्न अनिर्णित राहिला नव्हता. तो उपस्थित झाला होता आणि गैरलागू ठरवला गेला होता. २००५ च्या सविताबेन भाटिया खटल्यात हीच भूमिका पुन्हा घेण्यात आली. अशा स्त्रीच्या दुर्दशेबद्दल न्यायालयाने सहानुभूती व्यक्त केली, पण कायद्यातील उणीव दूर करणे हे कायदेमंडळाचे काम आहे असे म्हटले.

सविताबेन निर्णयाच्या अवघे वर्षभर आधी, २००४ मध्ये, रीमा अग्रवाल खटल्यात त्याच न्यायालयाने अगदी वेगळी दृष्टी स्वीकारली होती. हुंड्यासाठीच्या छळाच्या गुन्ह्यात विवाह शून्य आहे हा बचाव पुरुषाला घेता येणार नाही, कारण तसे केल्यास कायद्याचा हेतूच पराभूत होईल, असे त्या निर्णयात म्हटले आहे. दोन्ही निकालपत्रे न्या. अरिजित पसायत यांची. छळासाठी शिक्षा करताना ‘पती’ हा शब्द हेतूनुसार वाचावयाचा आणि पोटगी देताना ‘पत्नी’ हा शब्द अक्षरशः वाचावयाचा, या विसंगतीचे समाधानकारक स्पष्टीकरण सापडत नाही. शिक्षेचा कायदा काटेकोरपणे आणि कल्याणाचा कायदा उदारपणे वाचावा, हा अर्थनिर्णयाचा सर्वमान्य संकेत येथे नेमका उलटा झाला आहे.

बादशहा निर्णय: अर्थविस्तार की अपवाद?

ऊर्मिला गोडसे यांचा विवाह २००५ मध्ये झाला. सुमारे तीन महिन्यांनी पतीची पहिली पत्नी घरी आली, तेव्हा पहिल्या विवाहाची गोष्ट उघड झाली. राहावयाचे असेल तर निमूटपणे राहा, असे पतीने त्यांना सांगितले. त्या वेळी त्या गरोदर होत्या. पुढे छळाला कंटाळून त्यांनी घर सोडले व मुलीचा जन्म झाला. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना दरमहा १००० रुपये व मुलीला ५०० रुपये पोटगी मंजूर केली. सत्र न्यायालयाने व उच्च न्यायालयाने ती कायम केली. या दीड हजार रुपयांविरुद्ध पती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८ ऑक्टोबर २०१३ रोजी न्या. रंजना प्रकाश देसाई व न्या. ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने त्याची याचिका फेटाळली.

न्या. सिक्री यांनी लिहिलेले हे निकालपत्र वाचनीय आहे. कायदा आणि समाज यांतील अंतर सांधणे हे न्यायाधीशाचे कार्य, सामाजिक न्यायाचे निवाडे करताना वापरावयाची वेगळी दृष्टी, ज्या दोषाच्या निवारणासाठी कायदा झाला तो दोष लक्षात घेऊन अर्थ लावण्याचे जुने इंग्रजी तत्त्व, संविधानाच्या उद्देशिकेतील आश्वासने या सर्वांचा त्यात ऊहापोह आहे. कोणालाही स्वतःच्या गैरकृत्याचा लाभ घेता येणार नाही, हे सूत्र त्याच्या मुळाशी आहे. पहिला विवाह दडवून ठेवणाऱ्या पुरुषानेच त्या विवाहाची ढाल पुढे करावी, हे न्यायालयाला मान्य झाले नाही. निकाल योग्य होता यात शंका नाही.

परंतु युक्तिवादाची वीण जेथे सैल आहे तेथे बोट ठेवणे समीक्षेला भाग आहे. यमुनाबाई व सविताबेन हे निर्णय दोन न्यायाधीशांच्या खंडपीठावर बंधनकारक होते. ते मोडीत काढण्याचा अधिकार या खंडपीठाला नव्हता. म्हणून ते वेगळे काढावे लागले. ज्या स्त्रीने पहिल्या विवाहाची पूर्ण माहिती असताना विवाह केला, तिच्यापुरतेच ते पूर्वनिर्णय लागू होतील, असे खंडपीठाने म्हटले. आधी पाहिल्याप्रमाणे, यमुनाबाई निर्णय वस्तुतः असा नव्हता. त्यातील अर्जदार स्त्रीचेही म्हणणे माहिती नव्हती असेच होते. एका स्त्रीला न्याय देण्यासाठी दुसऱ्या स्त्रीच्या खटल्यातील हकीकत बदलून सांगितली गेली, असे म्हणणे कठोर वाटेल, पण परिणाम तोच आहे. यमुनाबाई ‘जाणूनबुजून’ दुसरी पत्नी झालेल्या स्त्रियांच्या वर्गात गेल्या आणि तो वर्ग कायमचा बंद झाला.

येथे एक गोष्ट सहज निसटून जाते. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९५ मध्ये पहिला विवाह लपवून दुसरा विवाह करणाऱ्यास अधिक कडक, दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये ती तरतूद कायम आहे. तेथे माहितीचा प्रश्न पुरुषाच्या अपराधाची तीव्रता मोजण्यासाठी येतो. बादशहा निर्णयानंतर पोटगीच्या अर्जात तोच प्रश्न स्त्रीची पात्रता मोजण्यासाठी येतो. तुला माहीत होते का, हा प्रश्न आता तिला विचारला जातो. पोटगीचे मूळ प्रयोजन निराधारपणा टाळणे हे आहे. मराठीत तर त्या हक्काचे नावच पोटावरून पडले आहे. पोट भरण्याचा प्रश्न आणि अजाण असण्याचा प्रश्न यांचा एकमेकांशी काय संबंध, याचे उत्तर निकालपत्रात मिळत नाही.

‘माहिती’ या शब्दाची गुंतागुंत

न्यायालयाला माहिती ही दोन टोकांची गोष्ट वाटते. एक तर ती असते, किंवा नसते. ग्रामीण महाराष्ट्रातील विवाहव्यवहार पाहिला तर असे म्हणणे धाडसाचे होईल. सोयरीक बहुधा नात्यागोत्यातून जुळते. स्थळाची चौकशी मामा, चुलता, थोरला भाऊ करतो. वराचे आधी एक लग्न झाले होते, ‘पण ती नांदत नाही’, एवढे वडीलधाऱ्यांच्या कानावर असते. मुलीच्या कानावर ते कितपत येते, हा प्रश्न वेगळा. ‘नांदत नाही’ या दोन शब्दांत टाकून दिलेली, माहेरी धाडलेली, पंचांसमोर फारकत घेतलेली आणि न्यायालयातून रीतसर घटस्फोट मिळालेली अशा चारही स्त्रिया मावतात. कायद्याच्या दृष्टीने यांतील चौथीचाच विवाह निश्चितपणे संपलेला असतो. तिसरीचा संपला की नाही हे रूढीच्या पुराव्यावर अवलंबून राहते. बोलणी करणाऱ्यांना हा फरक ठाऊक नसतो. ठाऊक असला तरी बिनबापाच्या किंवा बिजवराला द्यावयाच्या मुलीच्या बाबतीत तो कोणी फारसा ताणत नाही.

दुसरा प्रकार त्याहून अवघड आहे. पहिलीला मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून दुसरी आणली जाते आणि पहिलीची संमती स्टँपपेपरवर घेऊन तिच्यावर तिची सही किंवा अंगठा उमटवला जातो. या कागदाला कायद्यात काडीचीही किंमत नाही. परंतु दुसऱ्या स्त्रीच्या घरच्यांची समजूत अशी होते की सरकारी शिक्क्याच्या कागदाने सर्व काही नियमित झाले. तिला पहिल्या विवाहाची वस्तुस्थिती माहीत होती. त्या वस्तुस्थितीचा कायदेशीर परिणाम माहीत नव्हता. कायद्याचे अज्ञान ही सबब नव्हे, हे तत्त्व तिच्याविरुद्ध वापरता येईल. मात्र ते तत्त्व दोघांनाही सारखेच लागू आहे आणि दोघांपैकी पोटगीतून मुक्त होणारा पुरुष आहे. बादशहा निर्णयाच्या चौकटीत ही स्त्री बाहेर राहते. स्वतःच्या गैरकृत्याचा लाभ घेऊ नये, हे सूत्र तिच्या पतीला लागू होत नाही, कारण त्याने फसवले नाही, उघडपणे केले. जो अधिक निर्ढावलेला तोच अधिक सुरक्षित, असा याचा निष्कर्ष निघतो.

पुराव्याचा मुद्दाही आहे. माहिती नव्हती ही नकारात्मक गोष्ट सिद्ध कशी करावी? तालुक्याच्या न्यायालयात उलटतपासणी कोणत्या दिशेने जाईल याचा अंदाज करणे अवघड नाही. लग्नापूर्वी वराच्या घरी कोण गेले होते, त्याच गावात तुमचे नातेवाईक राहतात की नाही, त्याचे वय पाहून तुम्हाला शंका आली नाही काय, पहिली बाई घरी आल्यावरही तुम्ही तेथे राहिलात ते का. शेवटचा प्रश्न विशेष क्रूर आहे. ऊर्मिला गोडसे यांच्याप्रमाणे गरोदर स्त्रीला घर सोडणे सोपे नसते. तिचे राहणे म्हणजे माहितीनंतरची संमती असा अर्थ लावला गेला, तर अपवादही आटत जाईल.

कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाचे दार

अशा स्त्रीसाठी दुसरा मार्ग आहे असे उत्तर सामान्यतः दिले जाते. ऑक्टोबर २००६ मध्ये अमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियमाने ‘विवाहसदृश नातेसंबंध’ ही नवी संज्ञा आणली. संरक्षण आदेश, निवासाचा आदेश, आर्थिक साहाय्य व मुलांचा तात्पुरता ताबा हे सर्व दिलासे कलम १८ ते २१ अन्वये एकाच अर्जात मागता येतात. पत्नी या शब्दाची कोंडी येथे फुटेल अशी अपेक्षा होती. सर्वोच्च न्यायालयानेही तसे सुचवले. कलम १२५ मध्ये पत्नी या शब्दाचा व्यापक अर्थ घ्यावा काय, हा प्रश्न २०१० च्या चनमुनिया खटल्यात मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्यात आला होता. तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने २०१८ मध्ये ललिता टोप्पो प्रकरणात, २००५ च्या अधिनियमाखाली परिणामकारक उपाय उपलब्ध असल्याने या प्रश्नांची उत्तरे देण्याची गरज नाही, असे म्हटले.

परंतु ते दार मध्यंतरी अर्धे लागले होते. २०१० च्या वेलुसामी निर्णयाने विवाहसदृश नात्यासाठी दोघेही विवाहास कायदेशीरदृष्ट्या पात्र असावेत, अशी अट घातली. पहिली पत्नी हयात असलेला पुरुष या अटीत बसतच नाही. (त्या निकालपत्रात ‘ठेवलेली बाई’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला गेला, त्यावर तत्कालीन अतिरिक्त महाधिवक्ता इंदिरा जयसिंग यांनी न्यायालयातच आक्षेप घेतला होता.) पुढे २६ नोव्हेंबर २०१३ रोजी, म्हणजे बादशहा निर्णयानंतर चाळीस दिवसही उलटले नव्हते तेव्हा, इंद्रा सर्मा खटल्याचा निकाल आला. कर्नाटकातील या प्रकरणात स्त्रीने पुरुष विवाहित असल्याची जाणीव असताना दीर्घकाळ त्याच्याबरोबर संसार केला होता. दंडाधिकाऱ्यांनी मंजूर केलेले दरमहा १८,००० रुपये उच्च न्यायालयाने रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणे योग्य ठरवले. माहिती असल्यामुळे हे नाते विवाहसदृश नाही, असे कारण दिले गेले. अशा स्त्रीची अवस्था बिकट होते हे न्यायालयाने मान्य केले आणि पुन्हा एकदा कायदेमंडळाकडे बोट दाखवले.

या निर्णयामागची चिंता दुर्लक्ष करण्याजोगी नाही. दुसऱ्या स्त्रीला मान्यता दिली तर पहिली पत्नी व तिची मुले यांच्यावर अन्याय होईल, ही ती चिंता होय. एकपत्नीत्वाचा कायदा मिळवण्यासाठी स्त्रियांनी दिलेला लढा पाहता ती गंभीरपणे घेतलीच पाहिजे. मात्र पोटगी म्हणजे दर्जा नव्हे. कलम १२५ चा आदेश कोणालाही वारस करीत नाही, कोणाचा विवाह वैध ठरवीत नाही. पुरुषाच्या उत्पन्नावर किती जणांचा भार आहे हे पाहून रक्कम ठरवणे दंडाधिकाऱ्यांच्या हाती असते. शिवाय कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाखालील सर्व दिलासे ‘कौटुंबिक नातेसंबंध’ या एकाच उंबरठ्यावर उभे आहेत. तो ओलांडता आला नाही तर पैशाबरोबर मारहाणीपासूनचा संरक्षण आदेशही जातो. पहिल्या पत्नीच्या हितरक्षणासाठी दुसरीला मार खाण्यापासून वाचवावयाचे नाही, असे कोणाही न्यायाधीशाला म्हणावयाचे नसेल. पण व्याख्येची रचनाच तशी झाली आहे.

मुलांच्या बाबतीत कायदा बराच पुढे गेला आहे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १६ ने शून्य विवाहातील संततीला औरस मानले आणि २०२३ च्या रेवणसिद्धप्पा निर्णयाने एकत्र कुटुंबातील आईवडिलांच्या हिश्श्यापर्यंत तिचा हक्क पोचवला. यातून एक प्रश्न मात्र उद्भवतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ६ नुसार औरस मुलाचा नैसर्गिक पालक प्रथम पिता असतो, अनौरस मुलाची माता. मूल औरस ठरले की, त्याच्या आईला पत्नी मानावयास नकार देणारा पुरुष पालकत्वासाठी मात्र पुढे येऊ शकतो काय? ताब्याच्या प्रकरणात मुलाचे हित सर्वोपरी असल्याने न्यायालये यातून मार्ग काढतील, परंतु पालकत्वाच्या दाव्याची धमकी ही पोटगीचा अर्ज मागे घ्यावयास लावण्यास अनेकदा पुरेशी असते.

२०२५ चे दोन निर्णय

३० जानेवारी २०२५ रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना व न्या. सतीशचंद्र शर्मा यांच्या खंडपीठाने एन. उषा राणी खटल्यात, पहिल्या पतीपासून केवळ लेखी समजुतीपत्राने विभक्त झालेल्या स्त्रीला दुसऱ्या पतीकडून कलम १२५ खाली पोटगी मिळण्याचा हक्क मान्य केला. येथे पहिल्या विवाहाची माहिती दुसऱ्या पतीला होती. ज्याने जाणूनबुजून विवाह केला व सहवासाचे लाभ घेतले, त्याला कर्तव्य टाळता येणार नाही, असा या निर्णयाचा आशय आहे. माहितीची कसोटी अखेर पुरुषाला लावली गेली, हे त्याचे महत्त्व. पण ही स्त्रीच पूर्वविवाहित होती. पूर्वविवाहित पुरुषाशी माहिती असताना विवाह करणाऱ्या स्त्रीला या तर्काचा लाभ मिळेल काय, हे त्यातून ठरत नाही.

त्यानंतर १२ फेब्रुवारी २०२५ रोजी सुखदेव सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने, शून्य ठरवलेल्या विवाहातील जोडीदारासही हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २५ अन्वये कायमस्वरूपी निर्वाहखर्च मागता येईल, असा निर्णय दिला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या भाऊसाहेब मगर खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने अशा स्त्रीला ‘अनौरस पत्नी’ म्हणता येईल अशी शब्दरचना केली होती. सर्वोच्च न्यायालयाने तिचा स्पष्ट शब्दांत निषेध केला आणि असे संबोधन स्त्रीच्या प्रतिष्ठेचा, म्हणजे अनुच्छेद २१ चा, भंग करते असे म्हटले. शब्दांचा न्याय प्रथमच इतक्या थेटपणे झाला. मराठी वाचकाला त्या शब्दप्रयोगातील विपरीतता अधिक जाणवावी, कारण औरस–अनौरस ही विशेषणे जन्मावरून येतात. प्रौढ स्त्रीला ती लावणे म्हणजे तिचे सारे सहजीवन एका जन्मदोषात जमा करणे होय.

तथापि कलम २५ आणि कलम १२५ यांत अंतर आहे. कलम २५ खालील दिलासा हिंदू विवाह अधिनियमाखालील कार्यवाहीतच मिळतो, आधी विवाह शून्य असल्याचा हुकूमनामा हवा, आणि दिलासा देताना उभयतांचे वर्तन पाहण्याची मुभा न्यायालयाला आहे. म्हणजे ‘तुला माहीत होते का’ हा प्रश्न वर्तनाच्या नावाने तेथेही परत येऊ शकतो.

दरम्यान कायदेमंडळाला संधी मिळाली होती. फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठी नेमलेल्या न्या. मलिमथ समितीने २००३ मध्येच, दीर्घकाळ पत्नीप्रमाणे सहवास करणाऱ्या स्त्रीचा कलम १२५ मधील व्याख्येत समावेश करावा, अशी शिफारस केली होती. १९८८ पासून सर्वोच्च न्यायालय वारंवार कायदेमंडळाकडे पाहत होते. २०२३ मध्ये संपूर्ण फौजदारी प्रक्रिया संहिता नव्याने लिहिली गेली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पोटगीचे कलम १४४ झाले, ‘पत्नी’ या शब्दाचे स्पष्टीकरण मात्र घटस्फोटित स्त्रीच्या उल्लेखापाशीच थांबले. दरमहा हजार-दीड हजार रुपयांसाठी तालुक्याच्या दंडाधिकाऱ्यांसमोर उभ्या राहणाऱ्या स्त्रीला, पहिल्या लग्नाची कुणकुण तिच्या कानावर होती असे ठरले तर, २०२५ च्या त्या उदार निर्णयाचा लाभ घेण्यासाठी प्रथम दिवाणी न्यायालयात जाऊन स्वतःचा विवाह शून्य असल्याचा हुकूमनामा मागावा लागेल.